घटक ५ : लक्ष्मणराव किर्लोस्कर – माणसे पारखणारा कारखानदार

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• सहकाऱ्यांची निवड करताना त्यांनी कोणत्या गुणांना महत्त्व दिले, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• निवडलेली माणसे संस्थेत टिकून राहण्यामागील कारणांची चर्चा करता येईल.
• चरित्रनायकाच्या कार्याबरोबर त्याच्या मर्यादांचाही विचार कसा करावा, हे लक्षात येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठीतील चरित्रवाङ्मयाची परंपरा मोठी आहे. संत, राज्यकर्ते, समाजसुधारक आणि साहित्यिक यांची चरित्रे आपण शालेय वयापासून वाचत आलो आहोत. त्यामानाने कारखानदाराचे चरित्र अभ्यासाला क्वचितच येते. कारखाना म्हटला की यंत्रे, भांडवल आणि नफा-तोटा एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु यंत्र आपोआप चालत नाही आणि भांडवल आपणहून काम करीत नाही. प्रत्येक कारखान्याच्या मुळाशी काही माणसे असतात. कोणी तरी त्यांना निवडलेले असते आणि काही कारणामुळे ती तेथे राहिलेली असतात. ही निवड कशी झाली आणि माणसे का राहिली, हे दोन प्रश्न घेऊन आपण या घटकात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राकडे पाहणार आहोत.

हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. आपणांपैकी बहुतेक जण नोकरी, शेती, व्यवसाय किंवा घरसंसार सांभाळून हे शिक्षण घेत आहात. कोणी आपल्या दुकानात वा शेतावर चार माणसे कामाला ठेवली असतील. कोणी स्वतः दुसऱ्याच्या हाताखाली राबत असेल आणि आपल्या कामाची कदर होते की नाही, याचा अनुभव घेत असेल. लक्ष्मणराव या दोन्ही बाजूंनी गेलेले होते. प्रथम ते नोकर होते, नंतर मालक झाले. नोकर असताना मिळालेला धडा मालक झाल्यावर ते विसरले नाहीत, हे त्यांच्या चरित्राचे मध्यवर्ती सूत्र होय.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ बालपण, शिक्षण आणि नोकरी

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाने ग्रंथाभ्यासाची वाट धरावी, अशी अपेक्षा अशा घरात स्वाभाविक होती. पण लक्ष्मणरावांचा जीव पाठांतरात रमत नसे. त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती : चित्रे काढणे आणि यंत्राची मोडतोड व जोडणी करणे. शाळेच्या दृष्टीने पाहिले तर हा मुलगा हुशार ठरला नसता.

थोरले बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळाने एक अनपेक्षित अडचण पुढे आली. त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नसे. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता असणार? मात्र त्यांचा हात रेषेवर बसलेला होता. रंग सोडावे लागले, तरी रेषा सोडण्याचे कारण नव्हते. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळवली. मोकळा वेळ मिळाला की ते संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रांचे व्यवहार स्वतःच्या हाताने समजून घेत. त्यांचे खरे शिक्षण झाले ते या कर्मशाळेत.

या नोकरीत त्यांच्या आयुष्याला वळण देणारी एक घटना घडली. बढतीची जागा रिकामी झाली. काम, अनुभव आणि पात्रता या तिन्ही दृष्टींनी ती लक्ष्मणरावांना मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. वसाहतीच्या राज्यात ही गोष्ट नवलाची नव्हती. अनेकांनी असे प्रसंग मुकाट्याने गिळले. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि एकोणिसावे शतक संपता संपता ते बेळगावला परतले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. संस्थेने एक चांगला शिक्षक गमावला, तो पगाराच्या प्रश्नावर गमावला नाही. येथे कितीही उत्तम काम केले तरी आपली वाढ होणार नाही, हे त्या शिक्षकाला कळून चुकले होते. माणूस नोकरी सोडतो त्यामागे पुष्कळदा हीच जाणीव असते. लक्ष्मणरावांनी ती स्वतः भोगली होती.

५.२.२ बेळगावातील वर्षे

बेळगावात रामूअण्णांच्या साथीने सायकलींच्या विक्रीचा व्यवसाय आधीच सुरू झाला होता. १८८८ हे किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते. लक्ष्मणराव मुंबईत असताना सायकली मिळवून पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. सायकलींबरोबर दुरुस्ती आली, दुरुस्तीबरोबर हत्यारे आली आणि हळूहळू एक लहानसा कारखाना उभा राहिला. जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तेथे तयार होऊ लागले. त्यानंतर लक्ष्मणरावांचे लक्ष लोखंडी नांगराकडे वळले.

लोखंडी नांगर करणे अवघड होतेच, पण तो विकणे त्याहून अवघड ठरले. लोखंडामुळे जमिनीत विष उतरते आणि शेत नापीक होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. दोन वर्षे माल पडून राहिला असता कारागिरांना धीर देऊन जवळ ठेवणे सोपे नव्हते. तरीही कारखाना मोडला नाही.

नांगराच्या या धंद्याचे एक वैशिष्ट्य समजून घेतले, म्हणजे लक्ष्मणराव माणसांच्या निवडीला एवढे महत्त्व का देत होते, हे स्पष्ट होते. नांगराचे काही भाग ओतीव लोखंडाचे असतात. वाळूचा साचा तयार करायचा, भट्टीत लोखंड वितळवायचे आणि तो रस साच्यात ओतायचा, ही त्याची पद्धत. साच्यातील वाळू प्रमाणापेक्षा ओली राहिली किंवा वायू बाहेर पडण्यास वाट ठेवली नाही, तर धातूच्या पोटात पोकळी राहते. ही पोकळी वरून दिसत नाही. भाग घासूनपुसून, रंग देऊन गाडीत चढतो. आणि शेतकऱ्याच्या शेतात, ऐन नांगरटीच्या दिवसांत, दगडाला लागून मोडतो. देखरेख करणारा माणूस प्रत्येक ओतकामाच्या पोटात डोकावू शकत नाही. शेवटी सारा भरवसा साचा भरणाऱ्याच्या हातावर आणि त्याच्या मनावर ठेवावा लागतो. अशा धंद्यात कोणाला कामावर घ्यावयाचे, हा प्रश्न कोणत्या प्रतीचे लोखंड घ्यावयाचे, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. लक्ष्मणरावांना चित्रकलेचे शिक्षण का सोडावे लागले?
२. बढती नाकारली जाण्याच्या घटनेचा त्यांच्या पुढील जीवनाशी कोणता संबंध जोडता येतो?
३. ओतकामाच्या धंद्यात देखरेखीपेक्षा माणसाची निवड अधिक महत्त्वाची का ठरते?

५.२.३ कुंडलचा माळ

कारखाना स्थिरावत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी ती जागा रिकामी करण्याचा हुकूम काढला. यंत्रे कोठे न्यावीत, नवी जागा कशी घ्यावी आणि कारागिरांना काय सांगावे, असे प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. औंध येथील मंदिराच्या सभामंडपाच्या कामानिमित्त लक्ष्मणरावांचे कसब त्यांनी जवळून पाहिलेले होते. कारखान्यासाठी संस्थानच्या हद्दीतील हवी ती जागा निवडण्याची मोकळीक त्यांनी दिली आणि कर्जाऊ रक्कमही दिली.

लक्ष्मणरावांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची जागा निवडली. ही बत्तीस एकर जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला आणि सापांनी व्यापलेला माळ होता. जवळ बाजार नव्हता, शाळा नव्हती, पाण्याची सोय नव्हती. एकच गोष्ट अनुकूल होती. रेल्वे दाराशी होती, त्यामुळे लोखंड आणणे आणि नांगर पाठवणे शक्य होते. मार्च १९१० मध्ये या माळावर वस्ती सुरू झाली. पुढे ती किर्लोस्करवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात मोडते.

या प्रसंगी लक्ष्मणरावांच्या सोबत सुमारे पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह आले. चरित्राचा अभ्यास करताना हा आकडा लक्षात ठेवावा. हे लोक कोणी वेठबिगार नव्हते. हातात कसब असलेल्या माणसाला बेळगावसारख्या शहरात दुसरे काम मिळणे कठीण नव्हते. शहरातील राहते घर सोडून, बायकामुलांना घेऊन निवडुंगाच्या माळावर जावयाचे, ते कशाच्या भरवशावर? कारखान्याची भरभराट तेव्हा झालेली नव्हती. मोठा पगार देण्याची मालकाची ऐपत नव्हती. त्यांच्यापुढे होता तो इतक्या वर्षांचा मालकाचा अनुभव. हा माणूस स्वतः भट्टीपाशी उभा राहतो, चुकले तर शिकवतो आणि अडचणीत सोडून जात नाही, हे त्यांनी पाहिलेले होते. माणसे टिकवण्याची खरी परीक्षा संस्थेच्या पडत्या काळात होते. त्या परीक्षेत लक्ष्मणराव किती उतरले, याचे उत्तर माळावर आलेल्या त्या पंचवीस कुटुंबांनी दिले.

५.२.४ सहकाऱ्यांची निवड

किर्लोस्करवाडीच्या उभारणीत ज्यांची नावे आदराने घेतली जातात, त्यांच्याकडे पाहिले असता लक्ष्मणरावांच्या निवडीची पद्धत उलगडते.

रामूअण्णा हे वडील बंधू. त्यांच्याकडे प्रशासन आणि वसाहतीची आखणी सोपवण्यात आली. घरे कोठे असावीत, रस्ते कसे जावेत, पाण्याची व्यवस्था कशी व्हावी, हे पाहणे त्यांचे काम. लक्ष्मणरावांना यंत्राचे वेड होते, तर रामूअण्णांना वस्ती वसवण्याचे. दोघांनी एकमेकांच्या क्षेत्रात अकारण ढवळाढवळ केली नाही, म्हणून दोन्ही कामे पुरी झाली.

शंभोराव जांभेकर हे यंत्रकामातले जाणते होते. पण त्यांची ओळख तेवढ्यापुरती नव्हती. जे काम अडेल ते करावयास पुढे होणारा माणूस, असे त्यांचे स्थान होते. नव्याने उभ्या राहणाऱ्या संस्थेत कामांच्या सीमा ठरलेल्या नसतात. तेथे हे माझे काम नाही असे म्हणणारा तज्ज्ञ निरुपयोगी ठरतो. जांभेकरांसारखा माणूस अशा वेळी दहा माणसांची उणीव भरून काढतो.

के. के. कुलकर्णी यांनी व्यवस्थापन आणि तिजोरी सांभाळली, आणि बाहेरच्या जगाशी येणारे पेचप्रसंगही तेच सोडवीत. मंगेशराव रेगे कारकून म्हणून काम पाहत आणि मुख्य हिशेबनीसही तेच होते. कारखान्यातील आवाजात हिशेबाच्या वहीकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु हिशेब चुकला की पहिला फटका मजुरीला बसतो. ही जागा विश्वासाची होती आणि विश्वासू माणसाकडेच ती गेली.

सर्वांत बोलके उदाहरण अनंतराव फळणीकर यांचे आहे. त्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. प्रमाणपत्र पाहून माणसे घेणाऱ्या संस्थेत त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडला असता. लक्ष्मणरावांनी त्यांना वाव दिला आणि हा शाळा सोडलेला तरुण पुढे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आला. यात दयाबुद्धीचा भाग फारसा नसावा. ज्या माणसाला स्वतः कोणतीही अभियांत्रिकीची पदवी नव्हती आणि रंग न ओळखणारा चित्रकार म्हणून जो बाजूला पडला होता, त्याला परीक्षेत अपयशी ठरलेल्या मुलाच्या हातातील गुण दिसले. शाळा काय मोजते आणि काय मोजत नाही, हे लक्ष्मणराव स्वानुभवाने जाणून होते.

या निवडीतून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, प्रत्येकाला त्याच्या वृत्तीला साजेसे काम मिळाले. दुसरी, काम दिल्यावर त्यासोबत अधिकारही मिळाला. तिसरी, सुरुवातीला दिलेली जागा हीच त्याची शेवटची जागा, असे कोणाच्या बाबतीत ठरवले गेले नाही. मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणरावांच्या वाट्याला ही तिसरी गोष्ट आली नव्हती.

५.२.५ तुरुंगातून पहाऱ्यावर

लक्ष्मणरावांच्या माणूसपारखीची सर्वांत कठीण कसोटी एका वेगळ्याच नेमणुकीत लागली. उघड्या माळावरील वसाहतीला रात्री पहारा आवश्यक होता. कारखान्यात लोखंड होते, हत्यारे होती, मजुरीचे पैसे होते. घरांत बायकामुले होती. या कामासाठी लक्ष्मणरावांनी निवड केली ती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांची. हे दोघे औंधच्या तुरुंगातून आलेले होते आणि दरोडेखोर म्हणून त्यांची परिसरात दहशत होती.

त्यांची नावे जातीसह नोंदली गेली आहेत, हा त्या काळाच्या दृष्टीचा भाग आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची पद्धत रूढ केली होती. अशा समाजातील माणसाच्या हाती शिक्षा भोगून बाहेर आल्यावर काम देण्यास कोणी धजत नसे. काम नाही म्हणून पुन्हा गुन्हा आणि गुन्हा म्हणून पुन्हा तुरुंग, असे ते चक्र होते. गुन्हेगारही माणूसच आहे आणि विश्वास टाकला तर तो बदलू शकतो, अशी लक्ष्मणरावांची धारणा होती.

ही धारणा बोलून दाखवणे सोपे आहे. तिची किंमत किती होती, याचा विचार करावा. विश्वास चुकीचा ठरला असता तर एकट्या मालकाचे नुकसान झाले नसते. आपले घरदार सोडून त्याच्या शब्दावर माळावर आलेली पंचवीस कुटुंबे धोक्यात आली असती. एकाला संधी देताना इतरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपल्यावर येते, ही माणसे निवडणाऱ्या प्रत्येकाची अडचण असते. लक्ष्मणरावांनी ती जोखीम पत्करली आणि त्या दोघांनी विश्वास सार्थ केला. ते किर्लोस्करवाडीचे भरवशाचे राखणदार ठरले. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांना कोपऱ्यातील, नजरेआडचे, कमी महत्त्वाचे काम दिलेले नव्हते. ज्या बाबतीत त्यांच्यावर सर्वाधिक संशय घेतला जाई, तीच बाब त्यांच्या स्वाधीन करण्यात आली. अर्ध्या विश्वासाने माणूस बदलत नाही, हे लक्ष्मणरावांना उमगले असावे.

पुढे याच औंध संस्थानात स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तो स्वतंत्र उपक्रम होता. तथापि शिक्षा झालेल्या माणसाला काम आणि विश्वास द्यावा, हा विचार त्या भूमीत नवखा नव्हता, एवढे म्हणता येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. अनंतराव फळणीकर यांच्या निवडीतून लक्ष्मणरावांचा कोणता दृष्टिकोन दिसतो?
२. पहाऱ्याच्या कामासाठी केलेल्या नेमणुकीत कोणती जोखीम होती?

५.२.६ माणसे टिकली कशामुळे?

योग्य माणूस मिळवणे हा कामाचा अर्धा भाग झाला. तो संस्थेत रमणे हा उरलेला अर्धा भाग. ब्रिटन-अमेरिकेतील औद्योगिक वसाहतींविषयी लक्ष्मणरावांना माहिती होती आणि कारखान्याभोवती गाव असावे, ही कल्पना त्यांनी मनाशी धरली होती. कामगार आठ-दहा तास कारखान्यात असतो. पण त्याचे कुटुंब दिवसरात्र त्या जागी राहते. मुलाला शाळा नसेल, घरात पाणी नसेल, आजारपणात धावून येणारे कोणी नसेल, तर उत्तम पगाराचा माणूसही गाठोडे बांधतो. म्हणून किर्लोस्करवाडीत कारखान्याच्या बरोबरीने घरे, शाळा, टपालकचेरी अशा सोयी उभ्या राहिल्या आणि निवडुंगाच्या जागी झाडे आली.

वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या काळी अनेक गावांत पाणवठे वेगळे होते, वस्त्या वेगळ्या होत्या. ज्या कारागिराला गावात वेशीबाहेर राहावे लागे, त्याला येथे इतरांच्या बरोबरीने काम करता येई. केवळ मजुरीने जे मिळत नाही, ते या माणसाला मिळत होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी माल येणे थांबले. त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. मात्र कच्चा माल आणि इंधन यांची टंचाईही झाली. पर्यायी साहित्य शोधणे, जुन्या साच्यात बदल करणे, आहे त्यात भागवणे, अशी कामे हुकमाने होत नाहीत. ज्याला आपले डोके चालवण्याची मुभा आहे असा कामगारच ती करू शकतो. पूर्वीच्या वर्षांत टाकलेला विश्वास या काळात उपयोगी पडला. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पंप असा माल तयार होत गेला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची स्थापना झाली.

याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. कारखान्याच्या वार्तापत्रापासून आरंभ झालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घरांत पोहोचले. त्यापाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकेही निघाली. चित्रकला आणि लेखन यांकडे ओढा असलेल्या तरुणाला भट्टीपाशी उभे न करता त्याच्या प्रकृतीचे काम मिळाले, आणि त्यातून मराठी नियतकालिकांच्या इतिहासात एक अध्याय लिहिला गेला. नांगराच्या कारखान्याने मराठी वाङ्मयाला दिलेले हे योगदान आपण लक्षात ठेवले पाहिजे.

५.२.७ मर्यादांचा विचार

चरित्राचा अभ्यास म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. लक्ष्मणरावांच्या पद्धतीला काही मर्यादा होत्या आणि त्यांकडे डोळेझाक करू नये.

पहिली मर्यादा अशी की ही पद्धत एका माणसाच्या नजरेवर अवलंबून होती. पंचवीस कुटुंबांच्या वस्तीत मालक प्रत्येकाला नावाने ओळखतो. हजारो कामगार झाल्यावर ते शक्य राहत नाही. मग नियम, परीक्षा, वेतनश्रेणी आणि करार यांची गरज निर्माण होते. ज्याची पारख झाली त्याचे भले झाले. ज्याच्याकडे मालकाचे लक्ष गेले नाही, त्याने दाद कोठे मागायची, याचे उत्तर वैयक्तिक पारखीत सापडत नाही.

दुसरी मर्यादा वसाहतीच्या रचनेत होती. घर, शाळा आणि नोकरी एकाच हातून मिळत असली, की नोकरी सोडणे म्हणजे घर सोडणे होते. अशा ठिकाणी मालक कितीही सहृदय असला, तरी त्याच्या निर्णयाला विरोध करणे कामगाराला जड जाते. माणूस आपुलकीने राहिला आहे की नाइलाजाने, हे अशा वेळी बाहेरून ओळखता येत नाही.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. महत्त्वाच्या जागी भाऊ, पुतणे आणि मुलगे होते. त्यांपैकी अनेकांनी आपली योग्यता सिद्ध केली, हे खरे. तरीही बाहेरच्या माणसाला किती वर चढता येईल, हा प्रश्न कौटुंबिक उद्योगात कायम राहतो. ज्या गृहस्थाने जन्मावरून झालेल्या अन्यायामुळे नोकरी सोडली, त्याच्या संस्थेला हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही.

५.२.८ उत्तरायुष्य

थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियंता होऊन १९२६ मध्ये परतले आणि कारखान्यात कामाला लागले. वडील कर्मशाळेत शिकलेले, मुलगा विद्यापीठात शिकलेला. दोघांच्या अनुभवाची सांगड या काळात घातली गेली. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे, तर १९४६ मध्ये बंगळूर आणि पुणे येथे नव्या कंपन्या सुरू झाल्या. किर्लोस्करवाडीत तयार झालेल्या माणसांचा अनुभव विस्ताराच्या या काळात फार मोलाचा होता.

१९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची मोठी हानी झाली. लक्ष्मणरावांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या उभ्या आयुष्याच्या कामाची ही होळी पाहिली. परंतु इमारती जळाल्या तरी हातातील कसब जळत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

५.३ सारांश

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराच्या निर्मितीपासून एक मोठा उद्योग उभा केला. नोकरीत असताना पात्रता असूनही त्यांना बढती नाकारली गेली. त्या अनुभवातून, माणूस कोठे वाढू शकतो आणि कोठे खुंटतो, याची जाण त्यांना आली. सहकारी निवडताना त्यांनी प्रमाणपत्रापेक्षा हातातील कसब आणि वृत्ती यांकडे पाहिले. काम देताना अधिकार आणि विश्वासही दिला. शिक्षा भोगलेल्यांना राखणदार नेमण्याचे धाडस केले. घर, शाळा आणि समान वागणूक यांमुळे कामगारांची कुटुंबे माळावर स्थिरावली. ही पद्धत वैयक्तिक पारखीवर आणि मालकाच्या सद्‌भावनेवर अवलंबून असल्याने तिला मर्यादाही होत्या. तथापि ज्याला आपण कामावर घेतो त्याच्या वाढीची जबाबदारीही आपण घेतो, हा या चरित्रातून मिळणारा बोध आजही विचार करण्याजोगा आहे.

५.४ शब्दार्थ

ओतकाम – वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू तयार करण्याचे काम
कर्मशाळा – हत्यारांनी व यंत्रांनी प्रत्यक्ष काम करण्याची जागा
चरक – उसाचा रस काढण्याचे यंत्र
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे, जनावरांचे खाद्य
कसब – कामातील कौशल्य

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राच्या आधारे, योग्य सहकारी निवडण्याचे निकष स्पष्ट करा.
२. किर्लोस्करवाडीत कामगार टिकून राहण्याची कारणे सांगून त्या व्यवस्थेच्या मर्यादांची चर्चा करा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या दुकानात, कर्मशाळेत किंवा संस्थेत दहा वर्षांहून अधिक काळ काम करणाऱ्या व्यक्तीशी बोला. ती तेथे का राहिली, तिला सोडून जावेसे कधी वाटले आणि मग का गेली नाही, हे समजून घ्या. त्या आधारे, अवतरणे न देता, सुमारे ३०० शब्दांत तिचे अल्पचरित्र लिहा.